डोळ्यातला निचरा आणि चाळिशीनंतरची शिल्लक

सेमाडोहला सिपना आहे, त्यामुळे पाण्याच्या वाटेविषयी इथे फार प्रस्तावना करावी लागत नाही. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या मेळघाटातल्या पाचही नद्या शेवटी तापीला जाऊन मिळतात. उतार आहे, वाट आहे, पाणी थांबत नाही. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात गेलो की चित्र बदलते. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाऊस मेळघाटापेक्षा कमी पडतो, तरी जमीन चिबडते ती तिथेच. भारी काळ्या मातीतले बारीक कण क्षारांमुळे सुटे होतात, फटींत जाऊन बसतात आणि वरचे पाणी खाली उतरू देत नाहीत. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही की पाणी किती आले याच्याइतकेच ते किती गेले हे महत्त्वाचे, आणि निचरा बिघडला आहे हे वरून पाहून बराच काळ कळत नाही. आज मी बोलणार आहे ते डोळ्यातल्या निचऱ्याबद्दल आणि वय वाढते तसे त्याचे काय होते याबद्दल. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. डोळ्यातले पाणी बाहेर सोडणारी जाळी वयाबरोबर झिजते. ही झीज दाबाच्या आकड्यात लगेच उतरत नाही, कारण ती आधी डोळ्याची राखीव शिल्लक खाते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा डोळा तपासताना दाबाचा आकडा पाहून समाधान मानू नये. निचऱ्याचा कोन आणि मागची नस यांच्याकडे पाहिल्याशिवाय ती तपासणी पुरी होत नाही.

या पाण्याचा अश्रूंशी काही संबंध नाही, हे प्रथम स्पष्ट करायला हवे, कारण गोंधळ नेहमी तिथेच होतो. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात. मी म्हणतो ते पाणी डोळ्याच्या आत, रंगीत पडद्याच्या मागे असलेल्या एका झालरीसारख्या भागात तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि समोरच्या पारदर्शक पटलामागची जागा भरून ठेवते. ही जागा जेमतेम पाव मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या पाचेक थेंबांची. दिवसा मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होते, रात्री झोपेत त्याच्या निम्म्याच्या आसपास. या हिशेबाने पावणेदोन तासांत जुने पाणी जाऊन नवे येते. भिंगाला आणि पारदर्शक पटलाला रक्तवाहिन्या नाहीत, त्या असत्या तर आपल्याला दिसलेच नसते. म्हणून त्यांचे खाणेपिणे आणि उष्टे-खरकटे नेणे ही दोन्ही कामे हे पाणी करते. शिवाय डोळ्याचा गोल आकार ताठ राखण्यापुरता दाबही तेच देते. हा दाब पाऱ्याच्या दहा ते एकवीस मिलिमीटरच्या दरम्यान असला तर आपण तो सर्वसाधारण म्हणतो. त्याहून फार वाढला आणि वाढलेला राहिला, तर मागून मेंदूकडे जाणारी, दहा-बारा लाख तंतूंची दृष्टीची नस दबत जाते आणि तंतू मरतात. त्याला आपण काचबिंदू म्हणतो. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. मोतिबिंदूचे ऑपरेशन करून नजर परत आणता येते, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हा फरक खेड्यापाड्यांत अजून पुरेसा पोचलेला नाही.

पाणी बाहेर जाण्याच्या वाटा दोन. एक छोटी, रंगीत पडद्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूच्या धाग्यांतून झिरपणारी. दुसरी मुख्य, आणि आजचा विषय तीच. पारदर्शक पटल जिथे पांढऱ्या भागाला मिळते तिथे आतल्या बाजूने, रंगीत पडद्याशी होणाऱ्या कोनात, डोळ्याभोवती कडीसारखी फिरलेली एक बारीक जाळी आहे. तिच्या मागे सुमारे छत्तीस मिलिमीटर परिघाची आणि पाव मिलिमीटर रुंदीची एक नळी फिरते. फ्रीडरिश श्लेम या बर्लिनच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८३० मध्ये ती पाहिली, ती फाशी दिलेल्या माणसाच्या डोळ्यात, कारण त्या डोळ्यात ती रक्ताने भरलेली होती. यामुळेच कदाचित पुढे शंभर वर्षे ती रक्ताचीच वाट आहे की काय असा वाद चालू राहिला. तो मिटवणारे निरीक्षण कार्ल अ‍ॅशर यांनी १९४२ मध्ये नोंदवले, आणि ते इतके सुंदर आहे की थोडे थांबून पाहावे असे आहे. स्लिट-लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्याचा पांढरा भाग पाहिला तर काही शिरा लाल नसतात, काचेसारख्या स्वच्छ दिसतात. अशी शीर रक्ताच्या शिरेला मिळते तेव्हा दोन्ही प्रवाह लगेच मिसळत नाहीत. एकाच नळीत एका काठाने लाल रक्त आणि दुसऱ्या काठाने निर्मळ पाणी, असे शेजारी शेजारी काही अंतर वाहत जातात. पावसाळ्यात गढूळ नदीला निवळ नाला मिळतो तेव्हा काही अंतर दोन रंगांचे पाणी बाजूबाजूने चालते, तसे. जाळी, नळी, नळीतून निघणाऱ्या पंचवीस-तीस वाहिन्या आणि शेवटी शीर, अशी ही सबंध वाट आहे, आणि तिचे हे शेवटचे टोक जिवंत माणसात डोळ्यांनी पाहता येते.

या वाटेत अडथळा कुठे आहे? हा प्रश्न बोस्टनच्या मॉर्टन ग्रँट यांनी सरळ मोजून सोडवला. दान मिळालेल्या मानवी डोळ्यांत ठरावीक दाबाने पाणी सोडायचे, किती जाते ते मोजायचे, मग जाळी सगळ्या परिघावर चिरायची आणि पुन्हा मोजायचे. १९६३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की एकूण अडथळ्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जाळी चिरताच नाहीसा होतो. पुढे इतरांनी अगदी कमी दाबावर हेच केले तेव्हा तो वाटा निम्म्यापर्यंत उतरला, म्हणजे पुढच्या वाहिन्यांनाही काही श्रेय द्यावे लागते. तरी मुख्य दरवाजा जाळीच, याविषयी शंका उरली नाही. आणि जाळीतही खरा दरवाजा तिचा शेवटचा, नळीला चिकटून असलेला पदर. त्याची जाडी माणसाच्या केसाच्या कितीतरी आत बसते. एवढ्याशा पदरावर जन्मभर डोळ्याचा दाब तोललेला असतो.

आता ही जाळी वयाबरोबर कशी बदलते ते पाहू. ती नुसत्या तारांची जाळी नाही. प्रत्येक तार म्हणजे कोलॅजन आणि लवचीक तंतूंचा गाभा, आणि त्यावर जिवंत पेशींचे अस्तर. या पेशी सफाई कामगार आहेत. पाण्याबरोबर वाहत येणारे रंगाचे कण, मेलेल्या पेशींचे तुकडे, प्रथिनांचा गाळ त्या गिळतात. फार गिळले की काही पेशी तारेवरून सुटतात आणि नळीतून वाहून जातात. गेलेल्या पेशीच्या जागी नवी येण्याची सोय डोळ्यात अगदी तुटपुंजी आहे. होर्हे अल्वाराडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या निरोगी डोळ्यांतल्या पेशी मोजल्या आणि त्या वर्षाला सुमारे अर्धा टक्का या संथ, न थांबणाऱ्या गतीने कमी होतात असे दाखवले. पुढच्या मोजण्यांनीही साधारण हेच सांगितले: विशीतल्या पेशींपैकी ऐंशीपर्यंत जवळपास निम्म्या उरतात. काचबिंदूच्या डोळ्यांत त्या त्याच वयाच्या निरोगी डोळ्यांहूनही कमी सापडल्या. अस्तर गेलेली तार उघडी पडते. उघड्या तारा एकमेकींना चिकटतात, त्यांच्यातली फट बुजते. लवचीक तंतूंभोवतीचे वेष्टन जाड होत जाते आणि शेवटच्या पदरात त्याची चकत्यांसारखी पुटे साचतात; जर्मनीत एर्लांगेन येथे एल्के ल्युट्येन-ड्रेकॉल आणि योहानेस रोहेन यांनी ही पुटे बारकाईने वर्णन केली. पेशींबाहेरच्या मसाल्यात पाणी धरून ठेवणारे हायलुरॉनिक आम्ल घटते. नळी अरुंद होते. कोन पाहायच्या आरसेवाल्या भिंगातून तरुण डोळ्यातली जाळी फिकट राखाडी, जवळजवळ पारदर्शक दिसते. साठीतल्या डोळ्यात तीच तपकिरी झालेली असते, आणि खालच्या बाजूला, जिथे गाळ बसतो तिथे, अधिक. पाणी परिघावर सगळीकडे सारखे जात नाही हेही आता माहीत आहे. काही भाग भरपूर वाहतात, काही जवळपास बंद असतात, आणि बंद भागांतला पदर अधिक ताठ असतो.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. झीज एवढी सार्वत्रिक असेल तर प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा दाब वाढायला हवा. तो वाढत नाही. आपल्याच विदर्भातला पुरावा घ्या. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने, डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांच्या पुढाकाराने, २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले. मध्य भारतातल्या ग्रामीण माणसाच्या डोळ्यांविषयी याहून विस्तृत माहिती क्वचितच असेल. त्यात डोळ्याचा सरासरी दाब साडेतेरा मिलिमीटरच्या आसपास निघाला, म्हणजे अगदी निवांत. जपानमध्ये तर वय वाढते तसा सरासरी दाब किंचित उतरतो असे दिसले. मग जाळीच्या झिजेने घाबरायचे कशाला? याहून पुढे जाऊन कॅरल टोरिस यांचे १९९९ चे मोजमाप आहे. विशीतले निरोगी लोक आणि साठीपुढचे निरोगी लोक यांची तुलना करताना पाणी तयार होण्याचा वेग मिनिटाला २.९ मायक्रोलिटरवरून २.४ वर उतरलेला आढळला, छोट्या वाटेचा निचरा घटलेला आढळला, पण मुख्य वाटेच्या सुलभतेत म्हणण्यासारखा फरक मिळाला नाही. बर्नार्ड बेकर यांनी १९५८ मध्ये वयाबरोबर पाण्याची निर्मिती आणि निचऱ्याची सुलभता दोन्ही घटतात असे म्हटले होते. तेव्हा पुरावा एका सुरात बोलत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ.

पण हा विसंवाद नीट पाहिला तर माझ्या म्हणण्याला बळच देतो. एका बाजूला सूक्ष्मदर्शक सांगतो की पेशी निम्म्या झाल्या. दुसऱ्या बाजूला दाब आणि प्रवाह सांगतात की रोजचे काम चालले आहे. दोन्ही खरे असतील तर अर्थ एकच निघतो: तरुण डोळ्याला रोजच्या कामाच्या कितीतरी पट निचऱ्याची ताकद दिलेली असते आणि म्हातारपण ती जादा ताकद खाऊन टाकते. मूत्रपिंडाचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस ठणठणीत जगतो, त्याच्या रक्ताच्या तपासण्या नेहमीसारख्या येतात, पण उरलेल्या मूत्रपिंडाला इजा झाली तर त्याच्याकडे मागे काही नसते. डोळ्यात याला आणखी एक पदर आहे. आवक आणि जावक दोन्ही मंदावल्या की शिल्लक सारखीच दिसते. खात्यात दरमहा तेवढेच पैसे उरतात म्हणून घराची मिळकत तेवढीच आहे असे कोणी म्हणत नाही. दाबाचा आकडा ही अशी वजाबाकी आहे. तो आवकही सांगत नाही आणि जावकही.

शिल्लक हा शब्द मी नुसता उपमेसाठी वापरत नाही. जाळीत स्वतःला दुरुस्त करण्याची एक यंत्रणा आहे आणि ती पेशींवर अवलंबून आहे. अमेरिकेत पोर्टलंड येथे टेड अकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दान मिळालेल्या डोळ्यांचा पुढचा भाग प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यातून पाणी सोडले. प्रवाह वाढवला की आधी दाब वाढतो. जाळी ताणली जाते. ताण जाणवताच पेशी शेवटच्या पदरातला मसाला विरघळवणारी विकरे सोडतात, अडथळा कमी होतो, आणि दोन-तीन दिवसांत दाब पूर्वपदाकडे येतो. आपल्या डोळ्यांत हे काम कोणाच्या लक्षातही न येता वर्षानुवर्षे चालते. पण ताण ओळखणारी पेशीच जाळीवर नसेल तर विकर सोडणार कोण? म्हणून पेशी घटणे म्हणजे नुसती फट बुजणे नव्हे, दाब बिघडल्यावर तो सावरण्याची क्षमता घटणे आहे. निचऱ्याचा पाट बुजला तर तो उपसता येतो, पण पाट बुजतो आहे हे पाहून फावडे घेणारा माणूसच घरात उरला नाही, असा हा प्रकार.

शिल्लक संपली आहे हे कळते ते ओझे पडल्यावर, आणि आपल्या भागात ही ओझी कोणती ते आता सांगितले पाहिजे. पहिले ओझे स्टेरॉइडच्या थेंबांचे. डोळा लाल झाला, खाज सुटली की दुकानातून थेंब आणायचे, दोन दिवसांत बरे वाटते, मग तीच बाटली महिनोन्‌महिने चालवायची, हे सर्रास घडते. स्टेरॉइड शेवटच्या पदरातला मसाला वाढवते आणि पेशींची गिळण्याची शक्ती मारते, म्हणजे म्हातारपण जे चाळीस वर्षांत करते ते काही आठवड्यांत. १९६० च्या दशकात मन्सूर आर्माली आणि बेकर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे एक तृतीयांशांचा दाब अशा थेंबांनी बऱ्यापैकी वाढतो आणि शंभरातल्या पाच-सहांचा फार वाढतो. ज्यांना काचबिंदू आधीच आहे त्यांच्यापैकी मात्र जवळजवळ सगळ्यांचा वाढतो. एकच औषध, एकच मात्रा, आणि एवढा फरक. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो डोळा पेलतो, ज्याच्याकडे नाही तो पेलत नाही, याहून सरळ अर्थ मला दिसत नाही.

दुसरे ओझे मोतिबिंदूचे, आणि इथे एका जुन्या सल्ल्याविरुद्ध मला ठामपणे बोलायचे आहे. मोतिबिंदू पिकू द्या, मग ऑपरेशन करा, असे अजून सांगितले जाते. पन्नास वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेत त्याला कारण होते. आता नाही. डोळ्यातले भिंग जन्मभर वाढत राहते. जन्मतः ते साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाड असते, साठीनंतर साडेचार ते पाचच्या घरात जाते. ते पुढे सरकते, रंगीत पडद्याला पुढे ढकलते, आणि निचऱ्याचा कोन अरुंद होत जातो. जाळी ठीक असली तरी तिच्या तोंडावरच पडदा येऊन पडला तर पाणी जाणार कुठून? पिकत चाललेला मोतिबिंदू पाणी धरून फुगला तर हे काही दिवसांत होते: डोळा लाल, डोके फुटायला आलेले, उलट्या, आणि माणसाला पोटाचे दुखणे समजून भलत्याच दवाखान्यात नेलेले. तो अतिपिकला तर दुसरीच आपत्ती. भिंगातले प्रथिन पाझरून पाण्यात उतरते, ते गिळून फुगलेल्या पेशी जाळीत जाऊन अडकतात आणि निचरा तुंबतो. खारपाणपट्ट्यातल्या मातीचे जे होते तेच डोळ्यात, आठवड्याभरात. वाट पाहण्याची किंमत जाळी भरते.

आता दुसरा आक्षेप. भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू झालेल्यांपैकी बऱ्याच मोठ्या वाट्याचा दाब तपासणीच्या वेळी एकवीसच्या आतच सापडला. मग काचबिंदू हा निचऱ्याचा आजार म्हणायचाच कशाला, तो नसेचा म्हणा. यात तथ्य आहे. म्हातारी होते ती जाळी एकटीच नाही. नसही होते, तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही होतात, आणि दहा तरुण डोळ्यांनी सहज सोसलेला दाब अकराव्या डोळ्याच्या नसेला जड जाऊ शकतो. पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशाच, म्हणजे दाब सर्वसाधारण असलेल्या काचबिंदूच्या रुग्णांचा दाब तीस टक्क्यांनी उतरवला. उपचार झालेल्या डोळ्यांपैकी १२ टक्क्यांत आजार पुढे सरकला, उपचार न केलेल्यांत ३५ टक्क्यांत. तेव्हा दाब सर्वसाधारण असला तरी त्या डोळ्यासाठी तो जास्त होता. एकवीस हा आकडा मोठ्या लोकसंख्येच्या सरासरीतून काढलेला आहे, तो कोणत्याही एका डोळ्याचा नाही. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेत १६३६ लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाब वाढलेला पण नस शाबूत असलेले लोक घेतले होते. औषध न घेतलेल्यांपैकी पाच वर्षांत साडेनऊ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेतलेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना. औषधाने धोका निम्म्याहून खाली आला हे खरे, आणि औषधाशिवायही दहातले नऊ जण पाच वर्षे बरे राहिले हेही खरे. वाढलेला आकडा म्हणजे काचबिंदू नव्हे, आणि बरा आकडा म्हणजे निर्धास्तपणा नव्हे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि सेमाडोहमध्ये तोच सर्वांत वजनदार. मेळघाटात बाळंतपण, कुपोषण, मलेरिया यांच्याशी झगडताना डोळ्याच्या जाळीची चर्चा ही चैन नाही का? राष्ट्रीय पाहणीप्रमाणे पन्नाशीपुढच्या आंधळ्यांपैकी ६६ टक्के मोतिबिंदूमुळे आणि साडेपाच टक्के काचबिंदूमुळे. मग आधी मोतिबिंदू काढा. याला माझे उत्तर असे की मी वेगळी मोहीम मागतच नाही. घरोघर फिरून सगळ्यांचा दाब मोजल्याने काचबिंदू नीट सापडत नाही, हे जगभर अनुभवाला आले आहे, आणि त्याचे कारण वर सांगून झाले. मला हवी आहे ती जी माणसे आधीच डोळ्यासाठी येतात त्यांची पुरी तपासणी. आपल्या भाषेने वयाची खूण चष्म्यालाच नाव म्हणून दिली आहे: चाळिशी. पोथी वाचता येईना, सुईत दोरा ओवता येईना, की माणूस आपणहून चाळिशी मागायला येतो. जाळीची शिल्लक तपासायला याहून योग्य वेळ नाही, आणि तो आता येऊन बसलेलाच आहे. आंध्र आणि तमिळनाडूतल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नव्हते. यातले कितीतरी कधी ना कधी चष्म्याला किंवा मोतिबिंदूला कोणासमोर तरी बसले असतील.

पहिली पायरी टॉर्चने होते. अंधारलेल्या खोलीत माणसाला समोर पाहायला सांगायचे आणि कानशिलाच्या बाजूने, डोळ्याच्या पातळीत, टॉर्चचा झोत आडवा टाकायचा. कोन मोकळा असेल तर रंगीत पडदा सपाट असतो आणि सगळाच उजळतो, नाकाकडची बाजूसुद्धा. पडदा पुढे फुगलेला असेल तर तो मध्येच उंचवट्यासारखा आड येतो आणि नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. चंद्राच्या कोरीसारखी ही सावली दिसली की त्या माणसाला पुढे पाठवायचे, आणि बाहुली मोठी करणारे थेंब तिथेच टाकायचे नाहीत. ही चाचणी ढोबळ आहे, तिच्यातून काही अरुंद कोन निसटतात, आणि जाळी आतून झिजली असेल तर ती काहीच सांगत नाही. त्यासाठी स्लिट-लॅम्प, आरसेवाले भिंग आणि नस पाहणारे डोळे लागतात. ती सोय मेळघाटात नाहीच असे नाही. धारणीजवळ उतावलीच्या महात्मा गांधी आदिवासी रुग्णालयात डॉ. कविता सातव यांच्यासारख्या नेत्रतज्ज्ञ काम करतात. परतवाडा, अमरावती, अकोला ही ठिकाणे घाटाखाली आहेत. सेमाडोहच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा पाड्यावरून तिथे जायला जो दिवस मोडतो, त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून एका फेरीत एकच डोळा आणि डोळ्याचा एकच भाग पाहून परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

उपचारांबाबत थोडक्यात. गेली चाळीस-पन्नास वर्षे आपण बहुतेक करून जाळीला वळसा घालत आलो. टिमोलॉलचे थेंब आवक कमी करतात, लॅटानोप्रॉस्टचे थेंब छोटी वाट मोठी करतात, आणि १९६८ पासून चालत आलेली ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया तिसरीच वाट पाडते. थेट जाळीवर काम करणारे, तिच्या पेशींचा ताण सैल करणारे थेंब जपानमध्ये २०१४ ला आणि अमेरिकेत २०१७ ला आले. पण डोंगरातल्या माणसाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जाळीवरचा सौम्य लेझर. तो रंगद्रव्य भरलेल्या पेशींना डिवचतो आणि सफाई पुन्हा चालू होते, असे मानतात. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिला उपचार म्हणून लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना तीन वर्षांनंतरही थेंब लागले नव्हते. रोज ठरल्या वेळी थेंब, दर महिन्याला बाटली, बाटलीसाठी घाट, हे गणित ज्याला जमत नाही त्याच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. ज्यांचा कोन भिंगामुळे बंद होतो त्यांच्यासाठी भिंग काढणे हाच उपाय ठरतो. २०१६ मध्ये ४१९ रुग्णांवरच्या प्रयोगात मोतिबिंदू झालेला नसतानाही भिंग काढल्याचा फायदा अशा डोळ्यांसाठीच्या वेगळ्या लेझरपेक्षा अधिक दिसला. वेळेवर केलेले मोतिबिंदूचे ऑपरेशन निचऱ्याचेही ऑपरेशन असते. मोतिबिंदू आधी की काचबिंदू आधी, हा वाद म्हणूनच मला पुष्कळसा फोल वाटतो.

राहिला प्रश्न शिल्लक मोजायची कशी. निचऱ्याची ताकद ओझे घालून मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. ग्रँट यांनी १९५० मध्ये चार मिनिटे डोळ्यावर वजन ठेवून दाब किती उतरतो ते मोजले. त्याहूनही जुनी रीत म्हणजे लिटरभर पाणी भराभर प्यायला देऊन दाब किती चढतो ते पाहणे. एका माणसात एकदा केलेल्या अशा चाचणीवरून निदान होत नाही, हे सिद्ध झाल्यावर त्या मागे पडल्या. उरते ती तुलना, त्याच माणसाची त्याच माणसाशी. चाळिशीला आलेल्या माणसाच्या कागदावर चष्म्याच्या नंबराखाली आणखी तीन ओळी लिहाव्यात: दाब किती आणि किती वाजता घेतला, कोन उघडा की अरुंद, आणि तंतू मरतील तसा वाढत जाणारा नसेतला खळगा केवढा. लिहायला एक मिनिट लागते. कागद रुग्णाच्या हातात द्यावा, त्याचा अर्थ त्याला मराठीत किंवा कोरकूत सांगावा, आणि आधारकार्डासोबत जपून ठेवायला सांगावा. दहा वर्षांनी तोच माणूस मोतिबिंदूसाठी धारणीला गेला, की समोरचा डॉक्टर तो कागद उघडेल. तेव्हाचा खळगा आणि आजचा खळगा शेजारी ठेवता येतील.